जनसंपर्काचे क्षेत्र : उमेदवारीच्या पहिल्या महिन्याचा धडा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून मुलांच्या पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते आणि बहुधा डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक व आखाती देशांतील नोकरी या चार वाटांपाशी येऊन थांबते. या चार वाटांच्या पलीकडेही बरेच व्यवसाय आहेत आणि त्यांपैकी काहींना मोठे भांडवल लागत नाही. भाषा, मेहनत आणि चोख व्यवहार एवढ्यावर त्यांत उभे राहता येते. जनसंपर्क हा असाच एक व्यवसाय आहे. प्रस्तुत लेखात या क्षेत्राची ओळख आपण एका विद्यार्थ्याच्या पहिल्या महिन्याच्या अनुभवातून करून घेऊ.

हा विद्यार्थी भिवंडीचा. घरी यंत्रमागाचा धंदा. मुंबई विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात तो मल्टिमीडिया व मास कम्युनिकेशनच्या बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला अंधेरीतील एका जनसंपर्क कार्यालयात एक महिन्याची उमेदवारी मिळाली. पगार नव्हता, फक्त लोकलचा पास व दुपारच्या जेवणाचे पैसे. त्याने आपला अनुभव आम्हाला सविस्तर सांगितला व लिहिण्याची परवानगीही दिली. त्याचे, कार्यालयाचे वा ग्राहक कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. धडा महत्त्वाचा आहे.

जनसंपर्क म्हणजे काय?

पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की जनसंपर्क म्हणजे गोड बोलणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आणणे. आमच्या विद्यार्थ्याचीही समजूत थोडीफार अशीच होती. वस्तुतः एखाद्या संस्थेचा ज्या ज्या लोकांशी संबंध येतो, म्हणजे गिऱ्हाईक, कामगार, शेजारी वस्ती, सरकारी कचेऱ्या, भागधारक आणि पत्रकार, त्या सर्वांशी विश्वासाचे नाते जोडणे व ते टिकवणे, हे या व्यवसायाचे काम आहे.

जाहिरात आणि जनसंपर्क यांत गल्लत होऊ देऊ नये. जाहिरातीत आपण जागा विकत घेतो, तेव्हा त्या जागेत काय छापायचे हे आपणच ठरवतो. वाचकालाही ठाऊक असते की हे विकणाऱ्याचे बोलणे आहे. जनसंपर्कात आपण पत्रकाराला माहिती देतो. ती छापायची की नाही, किती छापायची आणि कशी छापायची, हा निर्णय त्याचा. म्हणूनच छापून आलेल्या बातमीवर वाचक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो आणि म्हणूनच पत्रकाराला दिलेली माहिती खोटी निघाली तर नुकसानही जास्त होते.

आपल्या देशात हा व्यवसाय नवा नाही. टाटा उद्योगसमूहाने १९४३ साली मुंबईत जनसंपर्काचा स्वतंत्र विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत या व्यवसायाने स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली. त्या दिवसाची आठवण म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळला जातो. संघटना आधी व आचारसंहिता दहा वर्षांनी, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. नियमांची गरज कामाला लागल्यावरच कळते.

पहिला आठवडा : कात्रणे

पहिल्या दिवशी आमचा विद्यार्थी नवा शर्ट घालून, पत्रकार परिषदेला जायच्या तयारीने गेला. त्याला मिळाली एक कात्री, डिंकाची बाटली आणि नऊ वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सकाळी आठला यायचे, सगळी पत्रे चाळायची, ग्राहक कंपन्यांची आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची नावे जिथे येतील त्या बातम्या कापून, वर्तमानपत्राचे नाव, तारीख व पान लिहून फायलीत चिकटवायच्या. इंटरनेटवरील बातम्यांची वेगळी यादी संगणकावर करायची. साडेदहाच्या आत सर्व ग्राहकांना सकाळचा अहवाल ई-मेलने गेलाच पाहिजे.

पहिले दोन दिवस त्याला हे काम कारकुनी वाटले. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आले की आपल्याला पत्रे वाचता येऊ लागली आहेत. कोणते दैनिक व्यापाराच्या बातम्यांना किती जागा देते, जिल्ह्याच्या पानावर काय चालते, कोणता वार्ताहर आकडे विचारतो आणि कोण फोटो मागतो, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नसते. ते कात्रणांत असते. शिवाय तो मराठी व इंग्रजीबरोबर उर्दू दैनिकेही वाचू शकत होता. कार्यालयात आजवर उर्दू पत्रांचा गठ्ठा न उघडताच रद्दीत जात असे. १९३८ पासून निघत असलेल्या ‘इन्किलाब’सारख्या दैनिकाचा वाचकवर्ग मोठा आहे, हे कार्यालयाला ठाऊक होते, परंतु वाचणारे कोणी नव्हते. आठवड्याच्या शेवटी उर्दू कात्रणांची स्वतंत्र फाईल झाली. घरी, शाळेत आणि बाजारात मिळून तीन-चार भाषा सहज येणे ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे व या व्यवसायात तिला रोख किंमत आहे.

कात्रणांच्या बाबतीत एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी छापून आलेल्या बातमीची लांबी-रुंदी मोजून, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर लावून, ‘आम्ही तुमचे इतके लाख वाचवले’ असे ग्राहकाला दाखवण्याची पद्धत आहे. २०१० साली बार्सिलोना येथे या व्यवसायातील जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केलेल्या तत्त्वांत ही मोजणी जनसंपर्काचे खरे मूल्य दाखवीत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. बातमीमुळे लोकांना काय समजले आणि त्यांचे वर्तन बदलले का, हे पाहायचे असते. सेंटिमीटर मोजून ते कळत नाही.

प्रसिद्धिपत्रक कसे लिहावे?

दुसऱ्या आठवड्यात त्याला पहिले प्रसिद्धिपत्रक लिहायला दिले. एका खाद्यपदार्थ कंपनीच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन होते. त्याने रात्री जागून दोन पाने लिहिली. विभागाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी लाल पेन घेतले आणि ‘सुप्रसिद्ध’, ‘भव्यदिव्य’, ‘अभूतपूर्व’, ‘कार्यसम्राट’ हे शब्द एकामागून एक खोडले. दोन पानांचे अर्धे पान उरले. “विशेषणं वार्ताहर लावेल, त्याला वाटलं तर. आपण माहिती द्यायची,” एवढेच त्या म्हणाल्या.

होतकरू विद्यार्थ्यांसाठी त्या दिवशीचे नियम येथे देत आहोत.

१) पत्रक एका पानाचे असावे. वर संस्थेचे नाव, गाव व तारीख.

२) मथळा आठ-दहा शब्दांचा. त्यात बातमी असावी, स्तुती नसावी.

३) कोण, काय, कुठे आणि केव्हा, या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्याच परिच्छेदात यावीत. उपसंपादक जागेअभावी बातमी खालून कापतो, त्यामुळे महत्त्वाचे ते वर.

४) का व कसे, हे दुसऱ्या परिच्छेदात.

५) कोणाचे म्हणणे द्यायचे असल्यास त्याचे पूर्ण नाव व हुद्दा द्यावा आणि तो मजकूर त्याला दाखवून त्याची संमती घ्यावी. न बोललेले वाक्य कोणाच्या तोंडी घालू नये.

६) फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. नाव चुकलेला मनुष्य ती चूक वर्षानुवर्षे विसरत नाही.

७) शेवटी अशा व्यक्तीचे नाव व फोन द्यावा जी फोन उचलेल आणि जिला उत्तर ठाऊक असेल.

८) पत्रक वेळेत पोचावे. कार्यक्रम सकाळी ठेवावा आणि मजकूर दुपारीच पाठवावा. जिल्ह्याची पाने शहराच्या पानांआधी बंद होतात.

९) भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करू नये. मराठी दैनिकाला ‘उद्घाटन’ हवे, उर्दू दैनिकाला ‘इफ्तेताह’. प्रत्येक भाषेतला मजकूर त्या भाषेत नव्याने लिहावा.

१०) प्रत्येक आकडा कोठून आला हे आपल्या वहीत लिहून ठेवावे.

हा दहावा नियम मॅडमनी सांगितला तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने मान डोलावली, पण वहीत काही लिहिले नाही.

चुकलेला आकडा

पत्रकात एक वाक्य होते : ‘या कारखान्यामुळे परिसरातील ५०० जणांना रोजगार मिळाला आहे.’ हा आकडा कंपनीच्या व्यवस्थापकाने फोनवर सांगितला होता. पत्रक मराठी, उर्दू व इंग्रजीत गेले. दुपारी एका मराठी दैनिकाच्या वार्ताहराचा फोन आला. मॅडम बाहेर गेल्या होत्या, त्यामुळे फोन याने घेतला.

“पाचशे म्हणजे मस्टरवर पाचशे?”

त्याला मस्टरविषयी काहीच माहिती नव्हती. पण ‘माहीत नाही’ म्हणणे त्याला कमीपणाचे वाटले. तो म्हणाला, “हो, पाचशेच.”

फोन ठेवल्यावर त्याला चैन पडेना. त्याने कारखान्याच्या कार्मिक विभागाला फोन लावला. तेथील गृहस्थांनी सरळ उत्तर दिले : मस्टरवर १४०, कंत्राटदारामार्फत ९०. बाकीचे? ट्रकवाले, हमाल, माल भरणारे, चहाची टपरी, असा सगळा अंदाज. म्हणजे २३० माणसांचे ५०० झाले होते आणि त्यावर आपल्या विद्यार्थ्याने ‘हो’ म्हणून शिक्का मारला होता.

मॅडम आल्यावर त्याने सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तू कोणाला विचारून ‘हो’ म्हणालास?” मग त्यांनी फोन त्याच्या पुढे सरकवला. चूक ज्याने केली त्यानेच ती दुरुस्त करायची होती.

“साहेब, मघाशी मी ‘हो’ म्हणालो ते न तपासता म्हणालो. मस्टरवर १४० आहेत, कंत्राटी ९०. पाचशे हा अंदाज आहे. चूक माझी आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग “बरं” एवढा एकच शब्द आणि फोन बंद. सुधारित पत्रक सर्व पत्रांना गेले. ग्राहक कंपनीच्या व्यवस्थापकाला हे कळले तेव्हा तो मॅडमवर चांगलाच उखडला. त्याचे म्हणणे असे की, झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायला तुम्हाला कोणी सांगितले होते? आम्ही पैसे देतो ते आमचे चांगले सांगण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्या दैनिकात आठ ओळींची बातमी आली. आकडा २३० चा. महिनाअखेरीस कंपनीने कार्यालयाशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही.

आमचा विद्यार्थी हादरून गेला. आपण खरे बोललो आणि कार्यालयाचे गिऱ्हाईक गेले, ही गोष्ट त्याला बोचत राहिली. रविवारी घरी त्याने आपल्या मामूंना, जे पंचवीस वर्षे यंत्रमाग चालवीत आहेत, हा प्रकार सांगितला. मामूंनी विचारले, “ताग्यावर शंभर मीटर लिहिलं आणि मोजल्यावर अठ्ठ्याण्णव भरलं, तर दलाल काय करतो?”

“पैसे कापतो.”

“पैसे कापतो ते एकदाच. पण पुढच्या खेपेपासून तो आपला प्रत्येक तागा उलगडून मोजतो. आणि ज्याचा माल मोजून घ्यावा लागतो, त्याच्याकडे घाईच्या वेळी कोणी येत नाही.”

व्यापारात ज्याला आपण पत म्हणतो ती हीच. जनसंपर्क कार्यालयाकडे विकायला दुसरा माल नसतो. वार्ताहराने पत्रक हातात घेतल्यावर त्याला ते उलगडून मोजावे लागते की तसेच ठेवून घेता येते, यावर त्या कार्यालयाची सारी किंमत ठरते. एक गिऱ्हाईक गेले हे नुकसान खरेच होते आणि ते भरून आले असे आम्ही सांगणार नाही. मात्र त्या दैनिकात उरलेल्या सर्व गिऱ्हाइकांची पत्रके जाणार होती.

एकाच माणसाचे दोन अनुभव

आकडा न तपासण्याची चूक नवशिक्यांचीच असते असे समजू नये. या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत ज्याचे नाव प्रथम घेतले जाते त्या अमेरिकेच्या आयव्ही ली याचीच गोष्ट पाहा.

ली मूळचा न्यूयॉर्कचा वार्ताहर. १९०६ साली कोळसा खाणींच्या मालकांचे काम करीत असताना त्याने वर्तमानपत्रांना एक निवेदन पाठवले. त्याचा आशय असा की, आमचे काम उघड आहे, आम्ही अचूक माहिती देऊ, कोणाला अधिक तपशील हवा असेल तर तो पुरवू आणि आमचा मजकूर जाहिरातीसारखा वाटला तर तो छापू नका. त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी अटलांटिक सिटी येथे पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. अशा अपघाताची माहिती दडपण्याची त्या काळी रेल्वे कंपन्यांची रीत होती. लीने कंपनीतर्फे निवेदन काढले व वार्ताहरांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. जगातील पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून याच निवेदनाचा उल्लेख पुष्कळदा केला जातो. माहिती उघड केल्याने रेल्वेचे नाव वाढले आणि लीचेही.

आठ वर्षांनी चित्र बदलले. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे संपकरी खाण कामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. त्यात स्त्रिया व लहान मुलांसह सुमारे वीस जण मरण पावले. खाण कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली होती. लोकमत खवळले, तेव्हा रॉकफेलरांनी लीला बोलावले. लीने कंपनीची बाजू मांडणारी पत्रके देशभर वाटली. एका पत्रकात कामगार पुढाऱ्यांना मिळणाऱ्या रकमा दिल्या होत्या. त्या होत्या संपूर्ण वर्षाच्या, पण छापल्या होत्या नऊ आठवड्यांच्या म्हणून. साहजिकच पुढारी कामगारांच्या जिवावर चैन करीत आहेत असे वाचणाऱ्याला वाटले.

१९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे लीची साक्ष झाली. कंपनीने पुरवलेली माहिती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण स्वतः काहीही केले नव्हते, हे त्याला कबूल करावे लागले. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्याला ‘विषारी आयव्ही’ म्हटले. आयव्ही हे एका वेलीचे नाव आहे आणि तिच्या नावाची एक विषारी वनस्पतीही असते. हे टोपणनाव लीला आयुष्यभर चिकटले.

आमच्या विद्यार्थ्याची चूक याच जातीची होती. फरक एवढाच की त्याला दुरुस्तीसाठी दुपारचे दोन तास मिळाले व त्याने ते वापरले.

आजच्या काळात तर दुरुस्तीला दोन तासही मिळत नाहीत. पत्रक व्हॉट्सॲपवर गेले की काही मिनिटांत शेकडो मोबाईलवर पोचते आणि इंटरनेटवर छापलेला चुकीचा आकडा वर्षानुवर्षे सापडत राहतो. पूर्वीची चूक निदान दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे.

संकटाच्या वेळी

खरी माहिती देण्याचा प्रश्न बातमीपुरता मर्यादित नाही. कधी कधी तो माणसांच्या जिवाचा असतो. १९८२ साली अमेरिकेत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांत कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने लोकांना गोळ्या घेऊ नका असे जाहीर सांगितले आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. पुढे छेडछाड केल्यास लगेच कळेल अशा वेष्टनात तीच गोळी पुन्हा आली व वर्षभरात बाजारातील तिचा बराचसा हिस्सा परत मिळाला.

आता आपल्या देशातील १९८४ ची घटना आठवा. २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. कारखान्याला लागून असलेल्या वस्त्यांना आत काय साठवले आहे, ते सुटले तर काय करावे, चेहऱ्यावर ओला कपडा धरावा, यांपैकी काहीही आधी सांगितलेले नव्हते. लोक घाबरून धावले व धावताना जास्त वायू श्वासावाटे आत गेला. रुग्णालयांतील डॉक्टरांनाही नेमके काय झाले आहे हे वेळेवर कळले नाही. शेजाऱ्यांशी संपर्क ठेवणे हे जनसंपर्काचे काम आहे असे आपण वर म्हटले. ते काम न झाल्यास काय घडू शकते, हे भोपाळने दाखवले. झाकलेली मूठ प्रत्येक वेळी सव्वा लाखाची नसते.

पाकीट आणि मोबदला

तिसऱ्या आठवड्यात एका पत्रकार परिषदेच्या तयारीत दुसऱ्या एका ग्राहकाच्या माणसाने विद्यार्थ्याला विचारले, “फायलीत पाकीट ठेवायचं ना?” पाकीट म्हणजे वार्ताहरांना द्यायचे पैसे. मॅडमनी साफ नकार दिला. फायलीत पत्रक, फोटो व एक पेन, बस. पाकीट घेऊन छापलेली बातमी पाकीट थांबले की थांबते, असे त्यांचे म्हणणे. २००९ च्या निवडणुकांच्या काळात पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकार आपल्या महाराष्ट्रातही उघडकीला आले व प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’विषयी अहवाल प्रसिद्ध केला, हे वाचकांना आठवत असेल. अशा व्यवहाराने बातमी ही बातमीच राहत नाही. वाचक फसतो आणि पुढे खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवीनासा होतो.

उमेदवारीच्या मोबदल्याविषयीही दोन शब्द. शिकण्याच्या नावाखाली मुलांना महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणारी कार्यालये आहेत. जाण्याआधी मुदत किती, प्रवासखर्च मिळेल काय, कोण शिकवणार आणि प्रमाणपत्र मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. जे कार्यालय पत्रकारांशी चोख आहे ते उमेदवाराशीही चोख असते.

विद्यार्थ्यांना व व्यापाऱ्यांना सूचना

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी आजपासून रोज दोन भाषांतील दोन वर्तमानपत्रे वाचावीत. एकच बातमी दोन्हींत कशी आली आहे, याची तुलना वहीत लिहावी. मराठी व उर्दू दोन्ही टंकलेखन शिकावे. गावातील शाळा, पतसंस्था किंवा व्यापारी संघटना यांच्या कार्यक्रमाचे पत्रक स्वतः लिहून स्थानिक वार्ताहराला द्यावे आणि त्याने काय कापले ते पाहावे. शिक्षणासाठी विद्यापीठांचे अभ्यासक्रम आहेत. १९६५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीलाही आहे. खासगी कार्यालयांखेरीज राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि त्याची जिल्हा माहिती कार्यालये आहेत. तेथील पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

आपल्या व्यापारी बांधवांसाठीही यात धडा आहे. दुकान लहान असो वा कारखाना मोठा, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकणे, माल परत घेणे, शेजाऱ्यांना धूर-आवाजाचा त्रास होत असल्यास स्वतः जाऊन बोलणे, हा सारा जनसंपर्कच होय. त्यासाठी अंधेरीचे कार्यालय लागत नाही. आणि पुढेमागे असे कार्यालय नेमण्याची वेळ आली, तर पत्रकात घालण्यासाठी आपला खरा आकडा त्याला द्यावा. व्यवस्थापकाने फुगवून सांगितलेला आकडा अखेरीस मालकाच्याच नावावर पडतो.

राहिला आमच्या विद्यार्थ्याचा शेवटचा दिवस. सायंकाळी तो प्रमाणपत्र घेऊन निघण्याच्या बेतात होता, तोच त्या मराठी दैनिकाच्या वार्ताहराचा फोन आला. दुसऱ्या एका ग्राहकाच्या पत्रकाविषयी विचारायचे होते आणि त्याने याच मुलाला बोलावून घेतले होते.

“आकडे तपासलेत ना?”

“तपासलेत. वहीत लिहिलंय कुठून घेतले ते. वाचून दाखवू?”

“नको,” तो म्हणाला आणि पुढचा प्रश्न न विचारता त्याने फोन ठेवला.